देवीचा कोप, हवामानाचा कोप आणि विज्ञानाची कसोटी

जून २०१३ मध्ये केदारनाथच्या महापुरात पाच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा कायमची बेपत्ता झाली. ढिगाऱ्याखालून प्रेते काढण्याचे काम चालू असतानाच या संहाराचे एक सोपे कारण देशभर सांगितले जाऊ लागले. अलकनंदेवरील ३३० मेगावॉटच्या श्रीनगर जलविद्युत प्रकल्पासाठी धारीदेवीची मूर्ती १६ जूनच्या सायंकाळी मूळ जागेवरून हलविण्यात आली, म्हणून देवी कोपली, असे ते कारण होते. काही बड्या पुढाऱ्यांनीही त्याला दुजोरा दिला.

धरणाला विरोध करणाऱ्या काहींनाही हा युक्तिवाद सोयीचा वाटला. परंतु निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे एवढ्यावरून त्याचा आधार तपासण्याची गरज संपत नाही. मूर्ती हलविण्यापूर्वीच मुसळधार पावसाला सुरुवात झाली होती. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मूर्ती नव्या मंदिरात विधिपूर्वक बसविण्यात आली; तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तरकाशीतील धराली गाव चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली गाडले गेले. देवीच्या कोपाची खरी उपयुक्तता वेगळीच आहे. कोपाला शांती हा उपाय असतो. कोणालाही जाब द्यावा लागत नाही.

विज्ञानाने दिलेले उत्तर इतके सोपे नाही, पण ते जबाबदारी निश्चित करणारे आहे. वेळेआधी पोचलेला मोसमी पाऊस आणि पश्चिमेकडून आलेले वारे यांची गाठ पडली. १७ जूनला चोराबारी सरोवराचा हिमोढांचा बांध फुटला. हा झाला निसर्गाचा भाग. खाली श्रीनगर गावातील घरे मात्र गाळाने भरली, ती प्रकल्पाच्या खोदकामाची माती नदीकाठी रचून ठेवल्यामुळे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्याबद्दल कंपनीला नऊ कोटींहून अधिक रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या रवि चोप्रा समितीनेही जलविद्युत प्रकल्पांनी हानीत भर घातली, असा निष्कर्ष २०१४ मध्ये नोंदविला. देवीच्या नावावर नुकसानभरपाई मागता येत नाही; मातीच्या ढिगाऱ्याच्या मालकाकडे ती मागता येते.

आता देवीची जागा एक नवे नाव घेऊ पाहत आहे. दरड कोसळो, पूल वाहून जावो वा शहर तुंबो, कारण एकच सांगितले जाते : हवामानबदल. हवामानबदल हे निर्विवाद शास्त्रीय सत्य आहे. परंतु सत्य गोष्टीचाही छद्मविज्ञानासारखा वापर करता येतो. सर्व काही स्पष्ट करणारे कारण काहीच स्पष्ट करीत नाही, आणि स्थानिक गुन्हेगारांना ते उत्तम आडोसा देते.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रौंती शिखरावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक व बर्फ कोसळला. ऋषिगंगा प्रकल्प पुसला गेला, तपोवन-विष्णुगाडचे बोगदे चिखलाने भरले. दोनशेहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली. त्यांपैकी बहुसंख्य या दोन प्रकल्पांवरील कामगार होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात शास्त्रज्ञांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ही एकटी घटना केवळ तापमानवाढीच्या माथी मारता येणार नाही. मात्र तापमानवाढीमुळे उंच पर्वतांतील उतार अधिकाधिक अस्थिर होत असण्याची शक्यता मोठी आहे. तिसरी गोष्ट कामगारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : वर धोक्याची सूचना देणारी यंत्रणा असती, तर तपोवनला निदान सहा ते दहा मिनिटे मिळाली असती. ती यंत्रणा तेथे नव्हती, याचे उत्तर आकाशात शोधून सापडणार नाही.

ऋषिगंगा प्रकल्प ज्या रैणी गावाजवळ होता, तेथेच १९७४ साली गौरादेवींच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी झाडांना कवटाळून जंगल वाचविले होते. याच गावकऱ्यांनी २०१९ मध्ये प्रकल्पातील सुरुंगांविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. डोंगर कोठे हादरतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ही अंधश्रद्धा नव्हे; हे पडताळून पाहता येण्याजोगे निरीक्षण आहे. लोकांचा अनुभव आणि लोकांच्या नावाने पसरविलेला भ्रम यांतील फरक येथेच स्पष्ट होतो.

विज्ञान चुकत नाही, असाही दावा करण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होऊ शकतील, असे विधान शिरले होते. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच ती चूक उघड केली आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळाने ती जाहीरपणे मान्य केली. तापमानवाढ नाकारणाऱ्यांनी जगभर जल्लोष केला : अहवालच खोटा ठरला! प्रत्यक्षात एक आकडा खोटा ठरला, वितळणे नव्हे. काठमांडूच्या पर्वतविकास संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या.

याच्या उलट एक्झॉन या अमेरिकन तेल कंपनीचे वर्तन पाहावे. १९७७ पासून तिच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी केलेले तापमानवाढीचे अंदाज बव्हंशी अचूक होते, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. तरीही कंपनी जाहीरपणे संशयाचाच प्रसार करीत राहिली. एकीकडे चूक कबूल करणारे विज्ञान; दुसरीकडे खरे ठाऊक असून ते झाकणारा नफा.

कसोटी म्हणून हीच आहे. दावा तपासता येतो काय? चूक सिद्ध झाल्यास तो मागे घेतला जातो काय? कारणे वेगवेगळी केली जातात, की एका नावाखाली सर्व गाडली जातात? आणि सरतेशेवटी, त्या दाव्यामुळे जबाबदार कोण हे उजेडात येते, की अंधारात जाते? प्रत्येक पुरानंतर, प्रत्येक दरडीनंतर हे प्रश्न वस्तीवस्तीत विचारले गेले पाहिजेत. तपोवनच्या बोगद्यात गाडले गेलेले कामगार कोपाने मेले नाहीत. त्यांना सावध करणारा भोंगा कोणी बसविला नाही, म्हणून त्यांना पळण्याची संधीही मिळाली नाही.