आईला विचारलं होतं का?

एक जून आला की आमच्या ऑफिसात दरवर्षी तोच विनोद होतो. सकाळी एचआरचा मेल येतो, त्यात वाढदिवसांची यादी असते, आणि त्या यादीत लातूर, नांदेड, बीड, परभणीवाल्यांची रांग लागलेली असते. मग कुणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतो, "काय रे, तुमच्याकडे वर्षातून एकाच दिवशी डिलिव्हरी होते का?" सगळे हसतात. चार वाजता कॅंटीनमध्ये एक केक येतो, सात जणांची नावं मावत नाहीत म्हणून त्यावर नुसतं 'हॅपी बर्थडे' लिहिलेलं असतं. फोटो, टाळ्या, आणि पुन्हा आपापल्या डेस्कवर.

या शनिवारी मला त्या विनोदाशी भांडायचं आहे. विनोद जुना झाला म्हणून नाही, तर तो चुकीच्या माणसावर होतो म्हणून.

आधी आमच्या घरचा डेटा देतो. बाबांचा वाढदिवस १ जून. ताईचा १ जून १९९५. माझा १ जून १९९७. तिघांपैकी एकही जण जूनमध्ये जन्मलेला नाही. माझा रूममेट नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातला, त्याचाही १ जून, साल १९९३. म्हणजे आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोन माणसं, दोन जन्मतारखा, आणि दोन्ही खोट्या. :)

हे कसं झालं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, तरी पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. गुरुजी पटनोंदणीला गावात फिरायचे, हाताला लागेल ते पोर शाळेत आणायचे. रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, आणि पोराचं वय शाळेच्या हिशोबात बसलं पाहिजे. मग साल अंदाजाने आणि तारीख १ जून. झालं काम.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. फील्ड मॅंडेटरी आहे, नल चालत नाही, युजरकडे माहिती नाही, मग काय करायचं? डीफॉल्ट व्हॅल्यू टाकायची. एखाद्या सिस्टिममध्ये कुणाची तारीख १ जानेवारी १९७० दिसली तर आपण तो माणूस त्या दिवशी जन्मला असं म्हणत नाही, युनिक्सचं घड्याळ शून्यावर आहे, इथे कुणी काही भरलेलंच नाही, असं म्हणतो. अमेरिकेत गेलेल्या सोमाली, सुदानी, अफगाणी निर्वासितांपैकी कित्येकांच्या कागदावर १ जानेवारी ही जन्मतारीख असते. कारण तेच. तिथला कारकून आणि आमचे गुरुजी एकाच जातीचा प्रश्न सोडवत होते.

गुरुजींवर माझा राग नाही. त्यांनी तारीख खोटी लिहिली पण पोर शाळेत बसवलं, नाहीतर मी आज हे टाइप करत नसतो. आता यावर नेहमीचं उत्तर येतं की "गावाकडे अडाणी लोक, त्यांना कुठे तारखा लक्षात राहतात." माझं खरं भांडण इथे आहे. माहिती नव्हती हे साफ खोटं आहे. माहिती होती. ज्या एका बाईकडे होती तिला कुणी विचारलं नाही.

माझ्या नाव नोंदणीच्या दिवशी बाबा शाळेत गेले होते. गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? बाबा म्हणाले, थंडीत झालाय, साल तुम्हीच बघा. आई त्या वेळी दुसऱ्याच्या रानात होती. शाळा आणि ते रान यांत अर्ध्या किलोमीटरचं अंतर. तिला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते ती मला अजून सांगते : "येळवशीच्या दुसऱ्या दिशी झालास तू. सोमवारची येळवस होती. रातभर चुलीपुढं बसून उंडे केले, भज्जी केली, डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन रानात गेले. येताना पोटात कळ आली."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या लातूरला लागून असलेल्या गावांत तिचं जे महत्त्व आहे ते पुण्यात सांगून कळत नाही. त्या दिवशी लातूर शहर कर्फ्यू लागल्यासारखं रिकामं होतं, कारण ज्याला रान आहे तो रानात आणि ज्याला नाही तो मित्राच्या रानात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, लसूण घातलेली, मातीच्या बिंदग्यात गार झालेली. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. आणि भज्जी. पुण्यातल्या मित्रांना भज्जी म्हटलं की ते कढईत तळलेली भजी समजतात. अहो नाही. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाजी, वांगं, गाजर, बोरं, चिंच, असं रानात त्या वेळी जे काही असेल ते सगळं आणि वरून बेसन. त्यात उंडा चुरायचा. मी फ्लॅटवर दोनदा करून बघितली. चव बरी येते, पण सुपरमार्केटच्या फ्रोजन वाटाण्याला रानाचा वास नसतो. असो.

मुद्दा असा की आईचं ते वाक्य मी एका शनिवारी जुन्या पंचांगांशी ताडून बघितलं. १९९४ ते २००० पर्यंतच्या सगळ्या मार्गशीर्ष अमावास्या काढल्या. त्या वर्षांत सोमवारची येळवस दोनदाच येते, २९ डिसेंबर १९९७ आणि २५ डिसेंबर २०००. दुसऱ्या वेळी मी अंगणात पळत होतो. म्हणजे माझा जन्म ३० डिसेंबर १९९७, मंगळवार. संपला विषय. आपल्या भाषेत सांगायचं तर आईने दोन कॉलमची की दिली होती, सण आणि वार, आणि क्वेरीने एकच रो परत केला. ज्या बाईला आपण अडाणी म्हणतो तिचा डेटा युनिक होता, आणि शाळेच्या रजिस्टरातला कचरा. कागदावर मी सात महिन्यांनी मोठा आहे.

रूममेटची गोष्ट तर अंगावर काटा आणते. त्याची आई सांगते, "गणपती बसले त्या दिवशी झाला, आणि बाराव्या दिवशी बारसं होतं त्या पहाटे जमीन हलली." १९९३ ची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. तो दिवस धरून बारावा दिवस ३० सप्टेंबर. किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या आसपास, विसर्जन करून लोक झोपले होते तेव्हा. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या माउलीच्या घरात नुसती भांडी पडली, पण बारसं काही झालं नाही, नाव पुढे कधीतरी ठेवलं. असा दिवस कुठली आई विसरेल? आणि त्याच्या टीसीवर काय आहे? १ जून १९९३.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, भावना समजल्या, पण फरक काय पडतो?

पडतो. राज्य सरकारच्या नोकरीत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून आपल्याकडे दरवर्षी ३१ मे रोजी शाळा आणि कचेऱ्यांमधून निरोप समारंभांची झुंबड उडते. गुरुजींनी १ जूनऐवजी २ जून लिहिलं असतं तर त्याच माणसाला ३० जूनपर्यंत नोकरी होती. एका दिवसाने एक पगार. आणि ज्याला वर्षभराने मोठं लिहिलंय त्याचं नोकरीचं एक वर्ष गेलं, शिवाय एमपीएससीची वयोमर्यादा वर्षभर आधी संपली. शाळा सोडल्यावर ही तारीख बदलून घ्यायला जा, मग कळतं. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात वय ठरवताना आधार कार्डापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. म्हणजे अंदाजाने टाकलेली ती व्हॅल्यू आमच्या टाळूवर आयुष्यभरासाठी बसली.

दुसरा आक्षेप : "कायदा होता ना, नोंद का केली नाही?" होता. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ सालचा. जन्माची नोंद २१ दिवसांत, आणि जिथे जन्म झाला तिथे. आता बघा, पहिलं बाळंतपण माहेरी. ताई आजोळी जन्मली, तर नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत व्हायला हवी, आणि शाळा मात्र आमच्या गावात. बाळंतीण बाई एकवीस दिवसांत ग्रामसेवकाला कुठे शोधणार? तो स्वतः आठवड्यातून किती वेळा गावात यायचा ते विचारू नका. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्म दाखला हाच शाळेपासून पासपोर्टपर्यंतचा पुरावा झाला आहे. फार चांगलं झालं, आमच्या पोरांना तरी एक जून चिकटणार नाही.

आणखी एक चांगलं झालं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर राज्य सरकारने स्वतःच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं ठरवलं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्याचं स्वागतच आहे. पण मी म्हणतो, आईचं नाव रकान्यात आलं, आता आईचा शब्दही येऊ द्या. ज्या घटनेला एक माणूस शंभर टक्के हजर होतं, तिच्याबद्दल आपण बापाला विचारलं, आजोबांना विचारलं, गुरुजींच्या पेनला विचारलं. तिला सोडून सगळ्यांना. एक जूनचा विनोद करणारा कधी तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तो हसतो कारकुनाच्या सोयीवर, आणि अडाणी ठरते ती.

तिसरा आक्षेप आमच्याच लोकांचा : "अरे तिथी दरवर्षी सरकते, वाढदिवस कसा करणार?" का, दिवाळी सरकत नाही? पाडवा सरकत नाही? अख्खं ऑफिस त्याप्रमाणे रिलीज प्लॅन हलवतं. आमच्या नांदेडला या. गुरू गोविंदसिंगांची जयंती तिथीने येते, २०२५ या एकाच इंग्रजी वर्षात ती दोनदा आली, ६ जानेवारीला आणि २७ डिसेंबरला. कुणी म्हणालं का, की काय हो, तुमच्या गुरूंचा जन्म दोनदा झाला का? तिथे आपण हात जोडतो. आपल्या आईच्या तिथीला मात्र हसतो.

कागद बदला असं मी म्हणतच नाही. पासपोर्ट, पॅन, पीएफ सगळ्यावर १ जून राहू दे, ते एक खातं आहे, त्याचा तो आयडी. पण आयडीचा वाढदिवस करू नका. वाढदिवस माणसाचा असतो, आणि खरं तर त्याच्या आईचा.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. एक जूनला केक कापायला उभा राहत नाही, रजा टाकायची ती येळवशीला. २०२४ मध्ये येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी आली होती. मॅनेजर म्हणाला, वर्षाअखेर आहे, कसली अमावास्या? म्हटलं, जिल्हाधिकारी सुट्टी देतात त्या अमावास्येची. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. आई फोनवर विचारत होती, "कधी येऊलालास?" आणि पोचल्यावर म्हणाली, "आज तारीख हाय, तिथी उद्या हाय. दोन दिवस ऱ्हा." राहिलो. ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत कंपन्यांनी एक दिवस 'गावाकडचा सण' म्हणून मोकळा सोडला तर काही बुडणार नाही. पोळा, येळवस, जत्रा, ज्याचं जे असेल ते.

आणि मराठवाड्यातल्या माझ्या एक जूनवाल्या भावा-बहिणींनो, तुम्हाला एवढंच काम सांगतो. आज रात्री घरी फोन लावा. "जेवलास का" वगैरे झालं की विचारा, मी झालो तेव्हा कोणता सण होता, वार कोणता, रानात कोणतं पीक उभं होतं, पाऊस होता की उघाड. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख नंतर काढता येते. हे आत्ताच करा, कारण त्या रेकॉर्डची एकच कॉपी आहे आणि तिचा बॅकअप कुठल्याच सर्व्हरवर नाही.