वेगाची उंची

ऊर्जेचा धडा सुरू झाला म्हणजे वर्गातील प्रत्येक विद्यार्थी दोन व्याख्या मुखोद्गत करतो. वस्तूच्या स्थितीमुळे तिच्या ठिकाणी जी कार्य करण्याची क्षमता असते ती स्थितिज ऊर्जा, आणि गतीमुळे जी असते ती गतिज ऊर्जा. पुढे दोन सूत्रे येतात, पाचसहा उदाहरणे सोडविली जातात, परीक्षेत गुण पडतात, आणि मग ह्या दोन सख्ख्या बहिणींची व विद्यार्थ्याची जन्मात पुन्हा गाठ पडत नाही. माझे म्हणणे असे की, ह्या धड्याचा अर्थ व्याख्यांत नसून त्या दोघींमध्ये अखंड चाललेल्या देवघेवीत आहे. आणि ज्याच्या ध्यानी ती देवघेव उतरली नाही, त्याच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणे धोक्याचे आहे. हे दुसरे विधान पालकांस काहीसे आकस्मिक वाटेल. म्हणून प्रथम पहिल्याचा विचार करू.

ही देवघेव पाहावयास आपल्या भागातील लोकांस फार दूर जावयास नको. कर्जतजवळ भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युतगृह १९२२ सालापासून चालू आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आंद्रा नदीचे पाणी धरणाने अडविले आहे. ती नदी आपल्या स्वभावाप्रमाणे इंद्रायणीस, तेथून भीमेस आणि शेवटी कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जावयाची; माणसाने तिचे पाणी पश्चिमेकडे वळवून नळांतून कोकणात उतरविले. सुमारे ५०० मीटरांचा हा उतार आहे. वर तलावात ते पाणी निश्चल असते. पाहणाऱ्यास त्यात कसलीही शक्ती दिसत नाही. पण हिशेब करा. तितक्या उंचीवरील एका लिटरात सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, आणि वाटेतील घर्षण सोडून दिल्यास तळाशी पोहोचताना त्याचा वेग सेकंदास ९९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटर होतो! ती धार चक्राच्या वाट्यांवर आदळते, चक्र फिरते, वीज उत्पन्न होते, आणि वेग गमावलेले पाणी मुकाट्याने उल्हास नदीस मिळते. तेच पाणी पुढे बदलापुराजवळ उचलून शुद्ध केले जाते व विजेच्या पंपाने उंच जलकुंभांत चढविले जाते. म्हणजे ज्या पाण्याने उतरताना वीज दिली, त्यालाच पुन्हा चढविण्यास वीज खर्चावी लागते. आपल्या स्वयंपाकघरातील नळ सोडला असता जी धार पडते, ती त्या जलकुंभाची उंचीच होय; केवळ रूप पालटून आलेली. आणि मुळात सह्याद्रीवर ते पाणी नेले कोणी? अरबी समुद्रातून वाफ करून सूर्याने. फुकट उंची जगात कोठेच नाही. कोणीतरी ती आधी भरलेली असते.

अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष कोरलेले आहे. लोक तेथील कोरीव काम पाहतात, आणि ते पाहण्यासारखे आहेच. परंतु पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने तेथे आणखी एक गोष्ट पाहावी. समजा, मंडपावरील एखादी शिळा ५०० किलोग्रॅमची आहे व ती सहा मीटर उंच चढविली आहे. ती चढविण्यास किमान २९,४०० ज्यूल कार्य करावे लागले असणार. ते कार्य शिलाहारांच्या काळातील मजुरांच्या बाहूंनी केले. ते मजूर गेले, ते राज्य गेले. पण त्यांच्या श्रमांची ही ठेव साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ त्या दगडात जशीच्या तशी आहे. एक ज्यूलही झिजलेला नाही. कोणत्या पेढीने इतकी वर्षे ठेव सांभाळली आहे? मात्र ही ठेव परत मिळते तेव्हा ती एका क्षणात, आणि खाली कोण उभा आहे हे न पाहता मिळते. त्याच मंदिराच्या गाभाऱ्यावरील शिखर आज पुरते उभे नाही.

उल्हासनगरास ह्याचा कटू अनुभव आहे. निर्वासित बांधवांनी ज्या बैठ्या बराकींत १९४७ नंतर संसार थाटले, त्यांच्या जागी पुढे मजल्यांवर मजले चढले. आणि मे २०२१ मध्ये तेथे दोन इमारतींचे स्लॅब लागोपाठ कोसळून माणसे दगावली. वरच्या मजल्याचा स्लॅब निखळतो, तो खालच्यावर आदळतो, दोहोंचा भार तिसऱ्यावर येतो. शुभवर्तमानात शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न करून प्रभूने त्या समजुतीचे निराकरण केले. वजनाला पापपुण्य कळत नाही. तेव्हा जुन्या घराच्या तडा गेलेल्या छताखाली निजताना आपले आचरण शुद्ध असल्याचा भरवसा पुरा पडत नाही. तेथे बांधकामाचा जाणकारच बोलवावा लागतो.

आता उंचीकडून वेगाकडे जाऊ. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर तुळशीची किंवा गुलाबाची कुंडी ठेवण्याची हौस बदलापुरातील नव्या इमारतींत सर्वत्र दिसते. सुमारे १२ मीटरांवरून पडलेली कुंडी जमिनीस लागताना तिचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. कुंडी लहान असो वा मोठी, वेग तोच. कारण वजन सूत्राच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे निघून जाते. हा आकडा ध्यानात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

वेग आणि उंची ह्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे रेल्वेच्या लोकांस पुस्तकावाचून कळले होते. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा चढ ठिकठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका कठीण आहे. पुण्याकडून उतरणाऱ्या गाडीच्या पोटी लोणावळ्याची सारी उंची असते, आणि ब्रेक निकामी झाला तर ती सगळीच्या सगळी वेगात बदलावयास टपलेली असते. म्हणून उतरणाऱ्या गाड्यांस मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबावेच लागते. गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाल्यावरच पुढचा सांधा मुख्य मार्गास जोडतात. एरवी तो सांधा एका आडमार्गाकडे लागलेला असतो, त्यास कॅच सायडिंग म्हणतात. हा आडमार्ग डोंगरावर चढत जातो. बेफाम सुटलेली गाडी त्यावर चढू लागली म्हणजे तिचा वेग पुन्हा उंचीत जमा होतो व ती थांबते. भिंत बांधून गाडी थांबविण्याचा विचार कोणी केला नाही, कारण भिंतीशी काय झाले असते हे उघड होते. मला तर हा आडमार्ग साऱ्या पाठ्यपुस्तकाहून अधिक बोलका वाटतो.

आपली रोजची लोकल गाडीही हाच व्यवहार करते. जुन्या गाड्यांत अंबरनाथाहून निघून बदलापुरास थांबेपर्यंत मिळविलेला सारा वेग ब्रेकच्या घर्षणाने उष्णता होऊन वाया जाई. २००७ सालापासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आलेल्या नव्या धर्तीच्या गाड्यांत ब्रेक लावताच मोटारच जनित्राचे काम करते, आणि वेगाचा काही भाग वीज होऊन वरच्या तारेस परत जातो.

परंतु ह्या देवघेवीत एक वर्गाचे चिन्ह आहे, आणि सारा अनर्थ तेथे आहे. उंची दुप्पट केली तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर मात्र चौपट. अठराव्या शतकाच्या आरंभी मोठमोठे विद्वान ह्याविषयी भांडत होते. तेव्हा हॉलंडातील लायडेनच्या ग्राव्हेसांड नामक प्राध्यापकाने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने आलेला गोळा चौपट आत रुतला. फ्रान्समधील विदुषी एमिली द्यु शातले हिने १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याच पक्षाचे समर्थन केले. हा प्रयोग घरी शाडूची माती व लोखंडी गोळी घेऊन कोणासही करता येईल. एक फुटावरून गोळी टाका, मग चार फुटांवरून टाका; वेग दुपटीनेच वाढतो, पण खळगा पाहा.

आणि आता किल्लीविषयी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मुलाच्या शरीरात जी गतिज ऊर्जा असते, ती सुमारे १४ मीटर उंचीवरून पडणाऱ्या शरीराइतकी असते. म्हणजे मघाच्या कुंडीच्याही वरून. ३० किलोमीटरांस ही उंची साडेतीन मीटर, म्हणजे पहिल्या मजल्याएवढी. ८० ला २५ मीटर, म्हणजे आठव्या मजल्याची. आणि ९० ला जवळजवळ ३२ मीटर, म्हणजे दहाव्या मजल्याच्याही वरची! जी माता आपल्या मुलास चौथ्या मजल्याच्या कठड्यावर बसलेला पाहून किंचाळेल, तीच त्याला दहावीत बरे गुण मिळाले म्हणून दुचाकी घेऊन देण्यास वडिलांची मनधरणी करते. काटई-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी उभे राहून पाहावे. दहाव्या मजल्याच्या कठड्यावरून किती मुले हात सोडून चालली आहेत ते दिसेल. ती उंची डोळ्यांस दिसत नाही, एवढाच फरक. उंचीचे भय देवाने माणसाच्या पोटात जन्मतःच घातले आहे. वेगाचे घातलेले नाही. ते गणिताने उत्पन्न करावे लागते, आणि माझ्या मते शाळेत हे सूत्र शिकविण्याचे ते एक मुख्य प्रयोजन आहे.

कोणी म्हणेल, पडणे निराळे आणि आदळणे निराळे. हे खरे आहे की, इजा केवळ ऊर्जेवर ठरत नाही; ती ऊर्जा किती अंतरात संपते ह्यावरही ठरते. क्रिकेट खेळणारा मुलगा झेल घेताना हात मागे नेतो, तो ह्याचसाठी. हेल्मेटच्या आतील फेसासारखे अस्तर दबून डोक्यास थांबण्यासाठी दोनतीन सेंटिमीटर देते. ते दोनतीन सेंटिमीटर म्हणजेच पुष्कळदा आयुष्य. परंतु हेल्मेट वर्गचिन्ह पुसू शकत नाही. ब्रेकही नाही: वेग दुप्पट तर थांबण्यास लागणारे अंतर चौपट, आणि पावसाळ्यात त्याहूनही अधिक.

कायद्याने सोळाव्या वर्षी, पालकांच्या संमतीने, केवळ ५० सी. सी. पर्यंतचे बिनगिअरचे वाहन चालविता येते. मोटारसायकलसाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तरीही दंडाच्या भीतीने मुले सुधारतात असा माझा अनुभव नाही. ती पोलीस पाहून गल्ली बदलतात. आकड्याला मात्र गल्ली बदलता येत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, एक सोपी रीत सांगतो. ताशी किलोमीटरांतील वेगाचा वर्ग करा व त्यास २५४ ने भागा. येईल ती उंची मीटरांत. मजला तीन मीटरांचा धरावा. नववी-दहावीच्या मुलांनी ह्या सुटीत पुढील उदाहरणे सोडवावीत: ताशी ४० किलोमीटरने जाणारी रिक्षा कितव्या मजल्यावर आहे? ताशी १०० किलोमीटरने जाणारी लोकल? आणि रविवारी सकाळी कर्जत रस्त्याने कुटुंबासह जाताना बाबांच्या गाडीचा काटा जेथे होता, तो आकडा घेऊन उत्तर काढावे व ते बाबांस दाखवावे.