भीती मान्य करा, मग नेमबाजी दाखवा

नेमबाजीची बाजू लोकांपुढे मांडताना परवानाधारक मंडळी सहसा दोन मार्गांनी बोलतात. पहिला मार्ग हक्काचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी देश निःशस्त्र केला, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. मग स्वतंत्र भारतात आमच्याकडे संशयाने का पाहता, असा हा सवाल असतो. दुसरा मार्ग तुलनेचा. माणसे मोटारीखाली मरतात, सुरीनेही मरतात. तेव्हा दोष हाताचा, वस्तूचा नव्हे. दोन्ही युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतात. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत आणि खेळाला घातकही आहेत. लोकांना बंदुकीची वाटणारी भीती नेमबाजांनी खोडून काढू नये. ती रास्त आहे हे आधी मान्य करावे, आणि या खेळाची सगळी शिस्त त्या भीतीची जाण ठेवूनच घडली आहे हे दाखवावे.

हक्काचा इतिहास अर्धाच सांगितला जातो. कराचीचा ठराव खरा आहे. पण १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालण्याची सूचना केली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क देतानाही घटनेने ‘शांततेने आणि विनाशस्त्र’ ही अट घातली. म्हणजे आपल्याकडे शस्त्र हा परवानगीचा विषय आहे, आणि तो विचारपूर्वक तसा ठेवलेला आहे. यात नेमबाजांचे काही बिघडले का? १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले गांधीजींचे सहकारी. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय पातळीकडे जाणाऱ्या नेमबाजांची पायरी आहे. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला या खेळाचे पालकत्व घेताना विसंगती वाटली नाही, याचा विचार हक्काची भाषा बोलणाऱ्यांनी करायला हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याने तर मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी लागणाऱ्या पॉइंट टू-टू रायफलीचा वेगळा उल्लेखच केला. २००४ मधले राज्यवर्धन राठोड यांचे रौप्य, २००८ मधले अभिनव बिंद्रा यांचे सुवर्ण, २०१० मधले तेजस्विनी सावंत यांचे जगज्जेतेपद, सगळे याच परवान्याच्या राज्यात मिळाले.

मोटार आणि सुरीची तुलना तर सोडूनच द्यावी. मोटार माणसाला पोचवण्यासाठी बनते, तिच्यामुळे मृत्यू ओढवला तर तो अपघात असतो. बंदुकीचा जन्मच दुरून जीव घेण्यासाठी झाला, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. ते नाकारणाऱ्याच्या पुढच्या वाक्यावर तो विश्वास का ठेवील? त्यापेक्षा सरळ सांगावे, की होय, हे साधन घातक आहे, आणि म्हणून पाहा आम्ही ते कसे हाताळतो. रेंजवर रेंज अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा असतो. त्याने ‘लोड’ म्हटल्याखेरीज कोणी गोळी भरत नाही आणि ‘स्टॉप’ म्हटल्यावर कोणी एकही झाडत नाही, मग तो ऑलिंपिकपटू असो की पहिल्या दिवसाचा शिकाऊ. बंदूक रिकामी आहे हे लांबूनही कळावे म्हणून तिच्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालून ठेवतात. नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने, आणि लक्ष्याजवळ माणूस असेल तर बंदुकीला हात लावायचा नाही. दहा मीटरच्या एअर रायफलची पेलेट साडेचार मिलिमीटर जाडीची असते आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर. इतक्या सूक्ष्म कामात जोर, राग किंवा ईर्ष्या उपयोगी पडत नाही. श्वास, तोल आणि ट्रिगरवरचे बोट सांभाळणारा जिंकतो. घरी गोळीविना केलेला ड्राय सराव हा या खेळाच्या तयारीचा मोठा भाग आहे, हे किती प्रेक्षकांना माहीत असेल?

हे तपशील लोकांना कंटाळवाणे वाटतात, त्यांना थरार हवा असतो, असा आक्षेप येईल. पण १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले, तेव्हा गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरणे म्हणजे काय हे घराघरांतून विचारले गेले. कुतूहल तपशिलांचेच होते. थरार हवा म्हणून जे लोक कमरेला पिस्तूल लावून छायाचित्रे पसरवतात ते या कुतूहलाची माती करतात. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. अशा प्रकारांचा निषेध सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने रायफल क्लबांनी केला पाहिजे.

इथेच एक नाजूक आक्षेप येतो. स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेले शेतकरी, व्यापारीही आपलेच. खेळाडूंनी अंग काढून घेतले तर ती त्यांच्याशी गद्दारी नाही का? मुळीच नाही. स्वसंरक्षणाचा परवाना असावा की नसावा हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची बाजू त्याच्या कारणांवर मांडता येते. पण एका वेळी एकच पेलेट घेणारी आणि फक्त कागदी वा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यासाठी घडवलेली रायफल पुढे करून घरातल्या पिस्तुलाचे समर्थन करणे अप्रामाणिक आहे. आज ऐकणारा फसेल, उद्या त्याला फरक कळेल, आणि मग तो खेळाचेही ऐकणार नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप असा, की गुन्हे होतात ते बेकायदा गावठी कट्ट्यांनी. मग परवानाधारकानेच खाली मान का घालावी? पहिला भाग बव्हंशी खरा आहे. पण परवानाधारक गुन्हा करीतच नाही असा दावा केला, की तो एका घटनेने कोसळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातला गोळीबार आणि आठवड्याच्या आत दहिसरमधली हत्या, यांनंतर मुंबई परिसरात परवान्याच्या शस्त्रांवरच चर्चा झाली. ब्रिटनचे उदाहरण याहून कठोर आहे. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १६ मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. मारणाऱ्याची पिस्तुले कायदेशीर होती. त्याचा परवाना काढून घ्यावा असे १९९१ मध्येच एका पोलीस अधिकाऱ्याने कळवले होते, पण ते कोणी मनावर घेतले नाही. पुढच्याच वर्षी तिथे खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. तिच्यामुळे ब्रिटिश पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले आणि २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धा भरवायला खास सवलत घ्यावी लागली. निर्दोष खेळाडूंवर अन्याय झाला असे कोणी म्हणेल; असेलही. पण शोकात बुडालेल्या समाजापुढे ‘आमचा काय दोष’ हे उत्तर टिकत नाही. आपल्यातल्या धोकादायक माणसाबद्दल क्लबने वेळेवर परवाना अधिकाऱ्याला कळवायचे, ही जबाबदारी आधीपासून उघडपणे घेतलेली असेल तरच बोलायला तोंड राहते.

आपल्याकडचा अनुभव वेगळा आणि बोलका आहे. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात एका व्यक्तीला तीनऐवजी एकच शस्त्र ठेवू द्यावे असे मूळ कलम होते. संसदेने दोनांवर तडजोड केली. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने नेमबाजांसाठी वेगळी अधिसूचना काढली आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांची सवलतीतली मर्यादा सातवरून बारा शस्त्रांपर्यंत नेली. सर्वसामान्य परवानाधारकाच्या शस्त्रांची मर्यादा कमी होत असतानाच खेळाडूची वाढली. ही वाढ शस्त्राच्या हक्कावर मिळालेली नाही. कोण कोणत्या प्रकारात खेळतो आणि कोणत्या स्पर्धेत किती गुण मिळवतो, हे कागदावर तपासता येत होते, म्हणून सरकारला खेळाडू वेगळा काढता आला.