‘ती ट्रान्स नाहीच’ म्हणताना

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अल्जीरियाची बॉक्सर इमान खलीफ हिच्यावर समाजमाध्यमांतून चिखलफेक सुरू झाली, तेव्हा मीही रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर भांडत होतो. ‘ती मुलगीच म्हणून जन्मली, ट्रान्सजेंडर नाहीच!’ हे मी दहा ठिकाणी लिहिलं. ते चूक नव्हतं. ऑलिम्पिक समितीनेही तेच सांगितलं होतं. इमानने ६६ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा मला कोण आनंद झाला.

पण मी प्रोग्राम लिहिणारा माणूस. एखादी अट बदलून पाहायची सवय असते. ती ट्रान्सजेंडर असती तर? मग त्या शिव्या योग्य ठरल्या असत्या? माझ्या उत्तरातून नकळत तेच निघत होतं. आणि एकाही ट्रान्सजेंडर खेळाडूचं आयुष्य मला माहीत नव्हतं.

मग वाचायला बसलो आणि रेने रिचर्ड्स सापडल्या. जन्म १९३४, न्यूयॉर्क. डोळ्यांच्या सर्जन आणि उत्तम टेनिसपटू. १९७५ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेनंतर टीव्हीच्या बातमीदाराने ते जगजाहीर केलं. अमेरिकन टेनिस संघटनेने गुणसूत्र चाचणीची अट घातली. रेने कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये जिंकल्या. त्याच वर्षी, वयाच्या ४३व्या वर्षी, त्या यूएस ओपनमध्ये उतरल्या. एकेरीत पहिल्याच फेरीत व्हर्जिनिया वेडकडून हरल्या, दुहेरीत मात्र अंतिम फेरी गाठली. पुढे त्यांनी मार्टिना नवरातिलोवाला प्रशिक्षण दिलं आणि मग पुन्हा डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करू लागल्या.

याच रेने यांनी नंतर, ट्रान्स महिलांनी महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांत खेळावं का, याबद्दल स्वतःच शंका मांडली. हेही सांगायला हवं. त्या काही कुणाच्या बाजूची घोषणा नाहीत. स्वतःच्या निर्णयाकडे वळून पाहणारं एक माणूस आहेत.

खेळाचे नियम काय असावेत, यावर वाद जरूर घालूया. पण नियमावरचा वाद वेगळा आणि माणसाची विटंबना वेगळी.

‘तू तसला मुसलमान वाटत नाहीस’ हे कौतुक आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय! ते का टोचतं, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. इमानची बाजू घेताना मीही तेच केलं होतं: एकीला वाचवण्यासाठी दुसरीला ‘तसली’ ठरवलं होतं. पुढच्या वेळी ‘ती ट्रान्स नाहीच’ एवढं लिहून मी थांबणार नाही. ‘आणि असती, तरी काय?’ हेही लिहीन.