काकवीच्या बाटलीतला गाळ: लेबल नंतर छापा, आधी दहा दिवस थांबा



काकवीचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून बाटली कुठून घ्यायची, लेबल कसं करायचं, ऑनलाइन कशी विकायची, हेच प्रश्न येतायत. बाटलीच्या तळाला बसणाऱ्या गाळाबद्दल एकानेही विचारलं नाही. माझ्या मते काकवीचा नवीन धंदा बुडतो तो तिथेच.

हे मी पैसे घालवून शिकलोय. पहिल्या हंगामात गुऱ्हाळावरून काकवीचे डबे आणले आणि दुसऱ्याच दिवशी २०० बाटल्या भरल्या. दिसायला एकदम झकास, मधासारखा रंग. तीन आठवड्यांनी एका दुकानदाराचा फोन आला, "अहो, बाटलीत खाली माती दिसतीय, गिऱ्हाईक हात लावत नाही." जाऊन बघतो तर प्रत्येक बाटलीत बोटभर काळपट थर. साठ-पासष्ट बाटल्या परत आल्या आणि त्या दुकानाने पुन्हा माल घेतला नाही. चवीला काकवी उत्तम होती हो! पण काचेच्या बाटलीत चव दिसत नाही, गाळ दिसतो.

हा गाळ येतो कुठून? उसाला चिकटलेली माती, चिपाडाचा बारीक भुसा, रसात घातलेल्या चुन्याचा अंश आणि तापल्यावर रसातून फुटून वर येणारी मळी. यातलं बरंचसं काहिलीतच काढता येतं. रस तापायला लागला की रानभेंडीचं चिकट पाणी घालतात. ते घाण धरून वर आणतं आणि मळीचा जाड थर तयार होतो. हा थर रसाला खळखळून उकळी फुटायच्या आत झाऱ्याने काढायचा. एकदा उकळी आली की मळी फुटते आणि परत रसात मिसळते. मग कितीही झारा फिरवा, उपयोग नाही. चांगला गुळव्या या वेळी कुणाशी बोलतसुद्धा नाही. तुमचा गुळव्या नेमका याच वेळी मोबाईलवर असेल, तर गुऱ्हाळ बदला.

काकवी उतरवायची सुमारे १०५-१०६ अंशांना. गुळासाठी ११८ च्या आसपास जातात, त्याच्या बरंच आधी. उतरवल्यावर गरम असतानाच कापडातून गाळायची, कारण थंड झाली की ती इतकी दाट होते की कापडातून खाली उतरतच नाही. आणि कापड पिळायचं नाही! शेवटच्या अर्ध्या लिटरच्या लोभाने पिळता, आणि अडवलेला सगळा बारीक गाळ स्वतःच्या हाताने खाली ढकलता.

एवढं करूनही बारीक कण राहतातच. त्याला उपाय एकच, थांबणं. झाकणाच्या, खाण्यायोग्य दर्जाच्या टाकीत काकवी ८ ते १० दिवस न हलवता ठेवायची. टाकीची तोटी तळापासून चार-पाच बोटं वर पाहिजे. वरची स्वच्छ काकवी तोटीने काढा आणि खालची तशीच सोडा. ती पुढच्या आधणाच्या रसात घालता येते, वाया जात नाही. बिअर बनवणारेही त्यांचा गोड काढा उकळून झाल्यावर गोल ढवळतात, गाळ मधोमध गोळा होऊ देतात आणि बाजूने स्वच्छ भाग काढून घेतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय तो उद्योग करायचा नाही, दारूबंदी कायदा आहे.) काकवी दाट असल्याने ढवळून भागत नाही, दिवसच द्यावे लागतात.

इथे सगळे कुरकुरतात. "सर, दहा दिवस पैसे अडकून पडतात." अडकतातच! म्हणून सुरुवातीच्या खर्चात दोन टाक्या धरा. एक भरलेली बसतीय, तोवर दुसरीतून बाटल्या भरा. माझ्या बीबीएच्या पुस्तकात खेळत्या भांडवलावर मोठं प्रकरण होतं, पण ते खरं कळलं या दोन टाक्यांनी.

काही जण म्हणतात, गाळ म्हणजे नैसर्गिकपणाची खूण, लेबलवर "हलवून वापरा" छापा की झालं. मला हे अजिबात पटत नाही. शेतातली माती गिऱ्हाइकाला हलवून प्यायला सांगायची आणि वर त्याला सेंद्रिय म्हणायचं? दुसरं टोक म्हणजे काकवी काचेसारखी आरपार करायच्या नादात रसात हायड्रॉस पावडर टाकणारे. काकवीचा रंग तांबूस आणि थोडी धूसर असली तरी चालते. तळाला थर नको, एवढंच.

एक गंमत सांगतो. तळाला दिसतं ते प्रत्येक वेळी माती नसतं. चमचाभर काढून कोमट पाण्यात टाका. विरघळलं तर ती साखरेची कणी आहे, उरलं तर गाळ. साखरेची कणी बसू नये म्हणून उकळताना थोडं सायट्रिक ॲसिड घालतात, १ किलो काकवीला साधारण ४०० मिलिग्रॅम. हे डोळ्यांच्या अंदाजाने टाकू नका, छोटा डिजिटल काटा घ्या. माझ्या परत आलेल्या बाटल्यांत दोन्ही होतं, खाली माती आणि तिच्यावर साखर. तेव्हा मला दोन्हीतला फरकही माहीत नव्हता.

आता कुठलाही नवीन लॉट आला की त्यातली एक बाटली मी दुकानाच्या काउंटरवर, उजेडात, महिनाभर उभी ठेवतो. तिच्यावर फक्त तारीख लिहिलेली असते. तळ स्वच्छ राहिला तरच त्या लॉटचा माल बाहेरच्या दुकानांना जातो. सध्या तिथे दोन बाटल्या उभ्या आहेत, पुढच्या व्हिडिओत त्याच दाखवतो.