'प्रायॉरिटी' पुरेशी का ठरली नाही? विमानरेडिओवरील दोन शब्दांचा इतिहास

१/ २५ जानेवारी १९९०. बोगोटाहून मेडेयिनमार्गे न्यूयॉर्कला आलेले आवियांका ५२ हे बोइंग ७०७ विमान रात्री लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे कोसळले. १५८ पैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. आग मात्र लागली नाही. टाक्यांत इंधनच उरले नव्हते.

२/ खराब हवामानामुळे विमानाला तीन ठिकाणी मिळून सुमारे ७७ मिनिटे आकाशात घिरट्या घालाव्या लागल्या होत्या. सहवैमानिकाने नियंत्रकांकडे 'प्रायॉरिटी' मागितली. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर आणीबाणी असल्याचे कळवण्यास मुख्य वैमानिकाने त्याला सांगितले. त्याने कळवले ते एवढेच, की इंधन संपत आले आहे. 'इमर्जन्सी' हा शब्द नियंत्रकांच्या कानी पडलाच नाही.

३/ अशा प्रसंगासाठी ठरावीक शब्द तेव्हाही उपलब्ध होते. १९२० च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी 'मेडे' हा शब्द सुचवला. पॅरिसकडील वाहतूक मोठी असल्याने 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी जुळणारा उच्चार त्यांनी निवडला. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय रेडिओ करारात त्याला मान्यता मिळाली.

४/ 'पॅन' या शब्दाचे मूळही फ्रेंचच : 'पान', म्हणजे बिघाड. मेडे म्हणजे गंभीर, समोर ठाकलेला धोका आणि तत्काळ मदतीची गरज. पॅन-पॅन म्हणजे सुरक्षिततेचा तातडीचा प्रश्न, परंतु तत्काळ मदतीची गरज नाही. मेडे वगळता अन्य सर्व संदेशांहून पॅन-पॅनचा मान वरचा.

५/ ही कथा बहुधा सहवैमानिकाच्या संकोचाची किंवा तोकड्या इंग्रजीची म्हणून सांगितली जाते. ते अर्धसत्य आहे. हे विमान आणखी पाचच मिनिटे थांबू शकते, हे पुढच्या नियंत्रकाला कळवले गेले; पण ते बॉस्टनच्या पर्यायी विमानतळापर्यंत पोहोचू शकत नाही, ही माहिती त्याच्यापर्यंत गेलीच नाही. अमेरिकी चौकशी अहवालाने वैमानिकांना दोष दिला. पण अपुरे वाहतूक नियोजन आणि इंधनस्थितीसाठी प्रमाणित, सुबोध शब्दावलीचा अभाव यांचीही नोंद केली.

६/ रांगेतील प्रत्येक विमानाला लवकर उतरायचे असते; म्हणून नुसत्या 'प्रायॉरिटी'ला धार उरत नाही. संकेतशब्द मात्र विनंतीचे रूपांतर बंधनात करतो. तो ऐकल्यावर बोलणाऱ्याचा हुद्दा, उच्चार वा सौजन्य यांवरून अर्थ लावत बसण्याची मुभा नियंत्रकाला राहत नाही.

७/ आक्षेप असा, की ऊठसूट आणीबाणी पुकारल्यास तिचे मोल घटेल. पॅन-पॅन ही मधली पायरी त्यासाठीच आहे. संकट अद्याप पूर्ण उभे राहिलेले नसताना, साशंक माणसालाही ती बोलते करते. त्या रात्री घिरट्या घालत असतानाच ती वापरली गेली असती, तर पुढच्या प्रत्येक नियंत्रकाला सावध व्हावे लागले असते.

८/ २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत 'मिनिमम फ्युएल' आणि 'मेडे फ्युएल' या घोषणा कधी करायच्या, हे स्पष्ट करण्यात आले. म्हणजे संकोच हा माणसाचा स्वभाव आहे हे गृहीत धरून नियम रचण्यास २२ वर्षे लागली. आवियांका ५२ चा दोष केवळ एका सहवैमानिकाच्या माथी मारणारा इतिहास म्हणूनच अन्यायकारक आहे.