मत्स्यपेटीतील मीठ आणि आपला विवेक

दुकानात गल्ल्याशेजारी किंवा घरी दिवाणखान्यात माशांची काचेची पेटी ठेवण्याची प्रथा आता दौंडसारख्या गावांतही नवी राहिलेली नाही. कोणी ती शोभेसाठी ठेवतो, कोणी वास्तूच्या सल्ल्याने, तर कोणी नातवंडांच्या हट्टापायी. प्लास्टिकच्या पिशवीतून मासे घरी येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर बहुधा एक सल्लाही येतो : ‘पाण्यात अधूनमधून मूठभर मीठ टाकत जा, मासे ठणठणीत राहतील.’ हा सल्ला पाळावा की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु ज्या जीवाला आपण काचेत कोंडले, त्याच्या श्वासाशी तो निगडित आहे. म्हणून जीवदया मानणाऱ्या कुटुंबांनी तो केवळ सवयीवर सोडू नये.

प्रथम मिठाचे कार्य समजून घेऊ. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून कितीतरी खारट असते. लिटरभर पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ विरघळवल्यास जेवढे खारेपण येईल, साधारण तेवढे. त्यामुळे बाहेरचे पाणी कल्ल्यांतून सतत आत झिरपते आणि शरीरातील क्षार बाहेर निसटत राहतात. मासा जादा पाणी मूत्रावाटे बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या साह्याने पाण्यातील क्षार पुन्हा आत ओढून घेतो. निरोगी माशाला हे काम जड जात नाही. त्याची देहरचनाच त्यासाठी आहे. आजारी, जखमी किंवा प्रवासाने थकलेल्या माशाला मात्र ते जड जाते. अशा वेळी पाण्यात थोडे मीठ असले, तर आतबाहेरचा फरक घटतो आणि त्याची शक्ती वाचते. माशांची वाहतूक करणारे पाण्यात मीठ घालतात, ते याच कारणाने.

मिठाचे आणखी दोन उपयोग निश्चित आहेत. पहिला नव्या पेटीत. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो, सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे दुसरे जीवाणू त्याचे बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे जीवाणू पेटीत स्थिरावण्यास सुमारे ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर नायट्राइट साचले, तर ते कल्ल्यांवाटे रक्तात जाते, रक्त तपकिरी होते आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची क्षमता घटते. मिठातील क्लोराइड त्याच वाटेने आत शिरते व नायट्राइटला अटकाव करते. दुसरा उपयोग पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात. या रोगाचा परजीवी माशाच्या त्वचेखाली असताना मीठ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहू लागतो, त्या अवस्थेतच त्याच्यावर मिठाचा परिणाम होतो. म्हणून हा उपचार १० ते १४ दिवस चालवावा लागतो.

याचा अर्थ मीठ हे औषध आहे. आणि औषध रोज घेण्याची वस्तू नसते. शिवाय ते सर्वांना सारखे मानवत नाही. मॉली, गप्पी व गोल्डफिश थोडे मीठ सहज सोसतात. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील, अत्यंत अल्प क्षार असलेल्या पाण्यातला मासा; तो, तसेच तळाशी वावरणारे कोरीडोरास व लोच हे मासे मिठाने त्रस्त होतात. पेटीतील पुष्कळशा पाणवनस्पतीही कोमेजतात. एकाच पेटीत मॉली आणि टेट्रा असतील, तर एकाचे पथ्य दुसऱ्याचे अपथ्य ठरते.

व्यापारी कुटुंबांना जमाखर्चाची भाषा चटकन समजते, म्हणून पुढील मुद्दा तिच्यातच मांडतो. पाणी वाफ होऊन उडते. मीठ उडत नाही. ते पेटीच्या खात्यावर जमाच राहते आणि पाणी काढून टाकले, तरच खर्ची पडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद पेटीत दहा इंच पाणी असेल, तर ते सुमारे ४५ लिटर भरते. उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची भर घालताना दर आठवड्याला चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, मीठ टाकले आणि जुने पाणी कधी काढलेच नाही, तर सहा महिन्यांत १३० ग्रॅम मीठ साचते. हे प्रमाण लिटरला जवळजवळ ३ ग्रॅम झाले, म्हणजे रोगावरची तीव्र मात्रा कायमची लागू झाली. मालकाला मात्र वाटत राहते की आपण केवळ चिमूट-चमचाच घालत आहोत.

आपल्या भागातील पाण्याचाही विचार व्हावा. भीमा आणि मुळा-मुठेच्या काठच्या या पट्ट्यात बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आधीच भरपूर असतात. असे पाणी वापरणाऱ्याने नित्य मीठ घालण्याचे काहीच प्रयोजन नाही. याउलट काही जण स्वच्छतेच्या हेतूने पेटीत निव्वळ आरओचे पाणी भरतात. त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत. पण ती उणीव मीठ भरून काढू शकत नाही, कारण मिठात कॅल्शियम नसते. अशा वेळी बोअरचे व आरओचे पाणी मिसळून वापरावे. उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्याने घालणे इष्ट. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही मिठाने जात नाही. त्यासाठी पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब वापरावेत.

मीठ देण्याची वेळ आलीच, तर ते मोजून द्यावे. थकवा किंवा नायट्राइटसाठी लिटरला १ ग्रॅम पुरे. ४५ लिटरच्या पेटीला ४५ ग्रॅम. ठिपक्यांच्या रोगात लिटरला २ ग्रॅम, तेही दोन दिवसांत तीन-चार हप्त्यांनी. साधे खडे मीठ घ्यावे; पादेलोण मुळीच नको. वेगळ्या भांड्यात विरघळवून मगच ते पेटीत ओतावे. शक्य असल्यास आजारी माशाला निराळ्या भांड्यात ठेवून उपचार करावा. बरे वाटल्यावर दर दोन-तीन दिवसांनी चौथाई पाणी बदलत मीठ उतरवावे. पेटीतील जुने पाणी कुंड्यांना उत्तम. मिठाचे मात्र घालू नये.

आता थोडे मूळ प्रश्नाकडे. ठिपक्यांचा परजीवी हाही जीवच आहे. म्हणजे रोग होऊ देणे आणि मग मीठ टाकणे, यात एकाला वाचवण्यासाठी असंख्यांचा घात घडतो. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांतील पहिलाच बंध आहे. पेटी ठेवणाऱ्याने हा शब्द स्वतःला लावून पाहावा. नवी पेटी न घेणे हा सर्वांत निर्दोष मार्ग होय. जी घरात आहे, तिच्यातील जीवांची जबाबदारी टाळता येत नाही, आणि त्यांना भीमेत सोडणे हेही अभयदान नव्हे. परमुलखातले मासे एक तर तिथे मरतात किंवा नदीतील मूळच्या माशांच्या जिवावर उठतात. शोभेच्या पेटीतून सुटलेला सकर मासा आज देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे.

तेव्हा जयणा ही रोजच्या कृतीत दिसावी. पेटीत गर्दी करू नये. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावे. नवा मासा आणल्यास त्याला तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा. एवढे पाळले, तर मिठाची गरज क्वचितच पडेल. मिठाची पुडी पेटीशेजारी न ठेवता औषधांच्या कपाटात ठेवावी, म्हणजे ती हातात घेताना कारण काय, हे विचारण्याची सवय घरातील लहानथोरांना लागेल.